ओळंब्यात उभी वाशी

गवंडी ओळंबा सोडून भिंत उभी करतो, आणि तिचा फोटो काढायला आपण मोबाइल जरा वर उचलला की तीच भिंत पडद्यावर मागे रेलते. इमारतीच्या दोन्ही कडा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात, खिडक्या निमुळत्या होतात, गच्ची आकसून जाते. वर्तमानपत्रातले, बिल्डरांच्या जाहिरातींतले, घरच्या अल्बममधले असे फोटो पाहून लोकांच्या नजरेला त्याची सवय झाली आहे. मला ती कधीच झाली नाही. फोटोग्राफीत येण्याआधी मी सीबीडी बेलापूरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंगची पेनं आणि समोर एलिव्हेशन, म्हणजे इमारतीच्या एका बाजूचं सपाट रेखाटन. एलिव्हेशनमध्ये उभी रेघ उभीच असते, चौकोनी खिडकी चौकोनीच दिसते आणि स्केल लावून कुठलंही माप घेता येतं. फोटोनेही इमारतीशी इतपत प्रामाणिक राहावं, असं मला वाटत आलं आहे, आणि त्यासाठी मी जी लेन्स वापरते ती फिल्मच्या जमान्यातली शिफ्ट लेन्स आहे.

आधी भिंत का कलंडते ते बघू. कॅमेऱ्यातला सेन्सर जोवर भिंतीला समांतर असतो तोवर भिंतीवरची प्रत्येक रेघ चित्रात जशीच्या तशी उतरते, फक्त लहान होऊन. कॅमेरा वर केला की सेन्सरही तिरका होतो, भिंतीचा माथा त्याच्यापासून पायथ्यापेक्षा लांब पडतो, आणि लांबची गोष्ट लहान दिसणार हे ठरलेलंच. वाशीतलं उदाहरण घेते. रस्त्याच्या पलीकडे, २० मीटरवर, १२ मीटर उंचीची इमारत आहे. कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे दीड मीटरवर. ३५ मिलिमीटरची लेन्स लावून कॅमेरा आडवा आणि पूर्ण सपाट धरला, तर चौकटीत वरच्या अंगाला जेमतेम ८ मीटर ४० सेंटिमीटरपर्यंतचा भाग येतो. वरचा मजला कापला जातो आणि खाली रस्त्याचं डांबर मात्र भरपूर मिळतं. सगळी इमारत यावी म्हणून कॅमेरा साधारण १३ अंश वर केला, तर ती येते, पण माथा पायथ्यापेक्षा सुमारे १२ टक्के अरुंद होऊन.

शिफ्ट लेन्समध्ये कॅमेरा सपाटच राहतो, वर सरकते ती लेन्स. प्रत्येक लेन्स कॅमेऱ्याच्या आत गोल प्रतिमा टाकते आणि सेन्सर त्यातला आयताकृती तुकडा उचलतो. साध्या लेन्सचं हे वर्तुळ सेन्सरला पुरेल एवढंच असतं. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फुल-फ्रेम सेन्सरचा कर्ण ४३ मिलिमीटर, वर्तुळ त्याहून थोडंसंच मोठं. शिफ्ट लेन्सचं वर्तुळ ६० मिलिमीटरच्या आसपास असतं. परातीत पोस्टकार्ड ठेवलं तर ते वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायला जागा उरते, तशी इथे सेन्सरला उरते. बाजूचा स्क्रू फिरवला की लेन्सचा पुढचा भाग खाचेतून ११ मिलिमीटरपर्यंत सरकतो. वर सरकवला की चौकटीतलं डांबर कमी होतं आणि वरचे मजले आत येतात. वाशीच्या त्या इमारतीला ८ मिलिमीटर पुरतात. तेवढ्याने चौकट साडेचार मीटर वर चढते, गच्चीचा कठडा आत येतो, खाली फुटपाथची कड राहते आणि एकही भिंत मागे रेलत नाही.

हे तंत्र नवीन नाही. भात्याच्या लाकडी प्लेट कॅमेऱ्यात पुढची लेन्सची फळी वर-खाली सरकवायची सोय असे, आणि देवळं, चर्च, सरकारी इमारती टिपणारे लोक ती सर्रास वापरत. मुंबईला या कलेची परंपरा जुनी आहे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्येच स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक, स्वतः फोटो काढणारे. पुढे ३५ मिलिमीटर फिल्मचे छोटे कॅमेरे आले, लेन्स कॅमेऱ्याच्या तोंडाशी पक्की बसली आणि सरकती फळी गेली. ती सोय छोट्या कॅमेऱ्याला परत मिळाली १९६२ मध्ये. निकॉनने ३५ मिलिमीटर, एफ ३.५ ची पीसी-निक्कॉर आणली. पीसी म्हणजे पर्स्पेक्टिव्ह कंट्रोल. काही वर्षांनी तिची एफ २.८ ची आवृत्ती आली. कॅननने १९७३ मध्ये सरकण्याबरोबर तिरकी होणारीही लेन्स काढली. ऑलिंपस, पेंटॅक्स, मिनोल्टा, जर्मनीची श्नायडर, कीव्हचा आर्सेनल कारखाना, सगळ्यांनी आपापल्या शिफ्ट लेन्स बनवल्या. त्या वास्तूंचं काम करणारे घेत. सामान्य ग्राहकाला त्यांची गरज नव्हती, त्यामुळे मुळातच कमी बनल्या आणि ज्या बनल्या त्यांतल्या बऱ्याच जपून वापरल्या गेल्या.

माझी एफ २.८ ची पीसी-निक्कॉर मला बोरा बझारात मिळाली. फोर्टातल्या त्या गल्लीत कॅमेऱ्याची दुकानं दाटीने आहेत आणि जुन्या मालाची कपाटं मागच्या बाजूला असतात. हातात घेतली की कळतं की ही वस्तू यंत्रशाळेतली आहे. काळं धातूचं नळकांडं, त्यावर मिलिमीटरच्या बारीक रेघा कोरलेल्या, बाजूला शिफ्टचा गोल खुंटा. बुडाशी एक कडी, ती फिरवली की अख्खी लेन्स गोल फिरते आणि दर ३० अंशांवर टक् करून अडकते, म्हणजे सरकायची दिशा वर, खाली, आडवी किंवा तिरकी निवडता येते. ॲपर्चरला दोन कड्या: एकीवर आधी हवा तो आकडा लावून ठेवायचा, दुसरी फिरवून भोक त्या आकड्यापर्यंत मिटायचं. आत एकही तार नाही, मोटर नाही, चिप नाही. एवढ्या वर्षांनंतरही यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही, हे माझ्या दृष्टीने तिचं मोठं बळ आहे.

फिल्मच्या काळात ही लेन्स वापरणं कष्टाचं होतं. ॲपर्चर मिटलं की व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होई, म्हणून उघड्या ॲपर्चरवर फोकस करायचा आणि मग आठवणीने मिटायचं. लेन्स सरकवली की प्रकाश तिरका पडून कॅमेऱ्याचं मीटर चुकीचं वाचन देई, म्हणून सरकवण्याआधीच मोजून घ्यायचं. काही कॅमेऱ्यांवर तर ती पूर्ण फिरतच नसे, खुंटा वरच्या प्रिझमच्या टोपीला अडायचा. मिररलेस कॅमेऱ्याने या सगळ्या अडचणी एका झटक्यात दूर केल्या. आरसा गेल्यामुळे लेन्स बसते ते तोंड सेन्सरच्या फार जवळ आलं. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यात हे अंतर ४६.५ मिलिमीटर होतं, त्यांच्याच मिररलेसमध्ये ते १६ आहे, सोनीत १८, कॅननच्या मिररलेसमध्ये २०. मधला फरक भरून काढायला एक पोकळ कडं लागतं, त्यालाच ॲडॅप्टर म्हणतात. माझ्या ॲडॅप्टरची जाडी साडेतीस मिलिमीटर आहे आणि त्यात काच नाही, म्हणजे लेन्सच्या गुणवत्तेत तो काहीच कमी-जास्त करत नाही. उलट लेन्स पुढे गेल्यामुळे खुंटा कुठे आपटतही नाही. याच कारणाने ऑलिंपसची, पेंटॅक्सची, श्नायडरची, कुणाचीही जुनी शिफ्ट लेन्स आज जवळजवळ कुठल्याही मिररलेसवर चढते. फिल्मच्या दिवसांत आपण ज्या कंपनीच्या कॅमेऱ्याशी बांधले गेलो, तिच्याच लेन्सवर भागवायला लागायचं.

त्यात इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरची भर. ॲपर्चर एफ ८ ला मिटून ठेवलं तरी चित्र उजळच दिसतं. एखादी खिडकी दहापट मोठी करून तिच्या गजांवर फोकस करता येतो. शिफ्ट करताना कडा समोर दिसत राहतात, पडद्यावर जाळीच्या रेघा ओढून भिंत त्यांना टेकवता येते, आणि कॅमेऱ्यातली पाणसळ सांगते की आपण अर्धा अंश तरी वाकडे आहोत की नाही. मी कॅमेऱ्याला लेन्सची फोकल लेंग्थ हाताने सांगते आणि सेन्सर हलवणारं स्टॅबिलायझेशन बंद ठेवते. लेन्सचा मध्य बाजूला सरकलेला असताना त्याचा हिशेब जुळत नाही, आणि ट्रायपॉडवर त्याची गरजही नसते.

वाचक विचारतील, आता कॉम्प्युटरवर एका बटणात भिंती सरळ होतात, मग हा खटाटोप कशाला? थोडासा कल असेल तर मीही तेच करते. पण कल मोठा असला की सॉफ्टवेअर वरचे मजले ताणतं, नसलेले पिक्सेल आजूबाजूच्यांवरून भरतं आणि दोन्ही बाजूंचे त्रिकोण कापून टाकतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट प्रमाणाची. सरळ केलेल्या चित्रात इमारत किती उंच आणि किती रुंद, याचं गुणोत्तर सॉफ्टवेअर अंदाजाने ठरवतं. बऱ्याचदा ती बुटकी तरी होते किंवा लांबुडकी. सेन्सर भिंतीला समांतर ठेवून काढलेल्या चित्रात हा प्रश्नच येत नाही. २० मीटरवरून, ३५ मिलिमीटरच्या लेन्सने, २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एक पिक्सेल म्हणजे भिंतीचे जवळपास साडेतीन मिलिमीटर. भिंतीला टेकवून सर्व्हेचा स्टाफ, म्हणजे मापाची उंच पट्टी, उभा केला की त्याच्या खुणांवरून चित्राचं स्केल पक्कं होतं आणि छज्जा किती बाहेर आहे ते सोडून समोरच्या पृष्ठभागावरचं सगळं मोजता येतं: खिडकीची रुंदी, मजल्याची उंची, दोन पाइपांमधलं अंतर.

हे मोजणं मला महत्त्वाचं वाटतं ते नवी मुंबईमुळे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना १९६५ मध्ये ‘मार्ग’ मासिकाच्या अंकात मांडली. ते उभारण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि वाशी हा या शहराचा पहिला नोड, म्हणजे उपनगर, ठरला. सिडकोने बांधलेल्या इथल्या घरांना आजही लोक नकाशावरच्या नावांनी ओळखतात. ‘आम्ही जेएन-टूमध्ये राहतो’ असं सांगितलं की वाशीकराला सेक्टरही कळतो आणि घरही. या साध्या, रंगरंगोटीशिवायच्या इमारतींकडे वास्तू म्हणून कुणी पाहत नाही. पण मी त्यांच्या एलिव्हेशनकडे पाहते तेव्हा कमी पैशात किती विचार केला आहे ते दिसतं: पावसाचा मारा चुकवणारे छज्जे, जिन्याला उजेड आणि वारा देणारी सिमेंटची जाळी, दोन घरांच्या मध्ये सोडलेली खाच. वाशीतल्या जेएन-१, जेएन-२ इमारतींमध्ये स्लॅबचे पोपडे पडण्याचा त्रास लोकांनी वर्षानुवर्षं सोसला, पुनर्विकासासाठी झगडले. त्यांना चांगली, सुरक्षित घरं मिळायलाच हवीत. माझं म्हणणं इतकंच की पाडण्याआधी प्रत्येक प्रकारच्या इमारतीचं एक तरी सरळ, मापात असलेलं चित्र राहावं.

एका सकाळी अशाच एका इमारतीसमोर ट्रायपॉड लावून बसले होते तेव्हा तिथल्या सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले. सत्तरी ओलांडलेले, हातात दुधाची पिशवी.

‘‘मॅडम, बिल्डरने पाठवलंय का तुम्हाला?’’

‘‘नाही काका. स्वतःसाठीच काढतेय. परवानगीचं पत्र काल वॉचमनकडे दिलं होतं.’’

‘‘ते मिळालं. पण माणसं घाबरतात हो. कुणी मोजायला आलं की वाटतं, आता काय.’’

मी त्यांना पडद्यावर चित्र दाखवलं. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग बोट न लावता दाखवायला लागले: ही ग्रिल आमची, ८६ साली लावली, त्याच्या वरची पटेलांची, तिच्यात तुळस होती, ते पांढरं ठिगळ दिसतंय ना, तिथे छज्जा कोसळला होता, नशीब रात्र होती. काका लालबागहून इथे आले तेव्हा रस्त्याला दिवे नव्हते आणि संध्याकाळी खाडीकडून मच्छरांचे ढग यायचे. ‘‘याची एक मोठी प्रत द्याल का ऑफिसात लावायला?’’ त्यांनी विचारलं. ‘‘सरळ आली आहे बिल्डिंग. आमच्याकडे तिचा फोटोच नाही. सत्यनारायणाचे आहेत, गणपतीचे आहेत, सगळे जिन्याखालचे.’’

समोरून, ओळंब्यात काढलेल्या चित्रात असं वाचायला मिळतं याचं कारण त्यात कुठलाच मजला दुय्यम नसतो. तळमजल्याची खिडकी आणि वरच्या मजल्याची खिडकी एकाच मापात शेजारी येतात. कुणी बाल्कनी काचेने बंद केली, कुणी गजांचा पिंजरा बाहेर काढून त्यात कुंड्या ठेवल्या, कुणाच्या कपड्यांच्या दोऱ्या छज्ज्यापर्यंत गेल्या, गच्चीवर गळती थांबवायला पत्र्याची शेड कधी चढली, पाइपाच्या जोडावर पिंपळ कुठे रुजला, पावसाचं काळं शेवाळ कुठल्या रेघेवर थांबलं, सगळं एका ओळीत लागतं. सिडकोने दिलेलं एलिव्हेशन आणि माणसांनी त्यावर केलेला संसार, दोन्ही एकाच वेळी दिसतात.

वेळेचं गणित मात्र सांभाळावं लागतं. पावसाळ्यानंतर झाडं इतकी दाट असतात की खालचे मजले झाकले जातात. मी जानेवारी ते मार्च पसंत करते. पूर्वेच्या बाजू सकाळी, पश्चिमेच्या दुपारनंतर. उत्तरेची भिंत हिवाळाभर सावलीत असते. मार्चचा शेवटचा आठवडा उलटला की सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा तिला तिरपं ऊन लागायला लागतं. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो. त्यानंतर सूर्य जुलैच्या अखेरपर्यंत दुपारीही उत्तरेलाच असतो, पण तोवर ढग आलेले असतात. म्हणजे उत्तरेच्या भिंतीसाठी खरी संधी एप्रिल आणि मे, तीही इमारतीसमोर लावलेल्या गाड्या निघून गेल्यावर किंवा त्या परत यायच्या आधी.

बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये प्रश्न वेगळा असतो. कोरियांनी १९८० च्या दशकात उभारलेली ही वसाहत उंच नाही, पण जागा तंग आहे. सुमारे सात-सात घरं साधारण ८ बाय ८ मीटरच्या एका चौकाभोवती बसवली आहेत, आणि प्रत्येक घर स्वतंत्र, लोकांना वाढवता यावं असं. लोकांनी ते वाढवलंही. बरीच मूळ घरं पाडून तिथे उंच घरं उभी राहिली. जी बैठी, उतरत्या छपराची शिल्लक आहेत त्यांचं चित्र चौकाच्या एका कडेला पाठ टेकवून काढावं लागतं. ८ मीटरवरून माझ्या लेन्सला रुंदी मिळते सव्वाआठ मीटर, उंची मात्र साडेपाच. इथे मी दोन चित्रं घेते: एक शिफ्ट शून्यावर, दुसरं ११ मिलिमीटर वर. सेन्सर तसाच सपाट असल्यामुळे दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसतात आणि जोडून ३६ बाय ३५ मिलिमीटरचं, जवळजवळ चौरस चित्र तयार होतं. त्यात चौकाची फरशी खाली, छपराचं टोक वर, आणि २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ३५ मेगापिक्सेलचं काम करतो.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. लेन्स ११ मिलिमीटर वर गेली म्हणजे बघणारा डोळाच ११ मिलिमीटर वर गेला. लांबच्या भिंतीला त्याने फारसा फरक पडत नाही, पण दोन मीटरवर कुंडी असेल तर तिच्या कडा जोडावर दुहेरी दिसतात. म्हणून लेन्स वर सरकवली की मी ट्रायपॉडचा मधला दांडा बरोबर ११ मिलिमीटर खाली घेते. दांड्यावर पेन्सिलने खुणा करून ठेवल्या आहेत. लेन्स आहे तिथेच राहते, सरकतो तो सेन्सर, आणि जोड कुठे आहे ते नंतर मलाही शोधून सापडत नाही.

या लेन्सच्या मर्यादा सांगायला हव्यात. पूर्ण ११ मिलिमीटरवर वर्तुळाची कड जवळ येते, कोपरे मऊ आणि काळसर होतात. एफ ८ ते एफ ११ च्या मध्ये ती सर्वात नीट वागते. उजळ आकाशासमोर गजांना जांभळी-हिरवी किनार येते. ती काढता येते, पण लेन्सची वक्रता आपोआप सुधारणारी सॉफ्टवेअरची प्रोफाइल इथे उपयोगाची नाही, कारण ती चित्राचा मध्य हाच लेन्सचा मध्य धरून चालते. कोपऱ्यांचा काळेपणा आणि रंगाची छटा घालवायला मी त्याच शिफ्टवर लेन्ससमोर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा धरून आणखी एक चित्र घेते आणि मूळ चित्र त्याने भागते. तुकडा साइनबोर्ड करणाऱ्यांकडे मिळतो.

आणि उंच टॉवर. पाम बीच रोडवरच्या १०० मीटर उंचीच्या इमारतीला उभ्या चौकटीत, पूर्ण शिफ्ट देऊन बसवायचं तर १२० मीटर मागे जावं लागतं, आणि एवढं करून वरचा भाग फुगल्यासारखा, अंगावर आल्यासारखा दिसतो. मान वर करून पाहताना आपल्या डोळ्यालाही थोडं निमुळतेपण अपेक्षित असतं. टॉवरच्या भिंती पूर्ण सरळ करू नयेत, थोडा कल राहू द्यावा, असं माझं मत आहे. ही लेन्स चार-पाच मजल्यांच्या शहराची आहे. सिडकोची जुनी नवी मुंबई तशीच होती आणि तिचे रुंद रस्तेही या लेन्सला सोयीचे पडतात. गिरगावच्या गल्लीत २० मीटर मागे सरायला जागा कुठून आणायची?

ज्यांना अशी लेन्स घ्यायची आहे त्यांनी आधी फुल-फ्रेम कॅमेरा आहे का ते पाहावं. लहान सेन्सरवर ३५ ची लेन्स ५२ सारखी वागते आणि समोरची इमारत मावत नाही. तंग जागांसाठी २८ ची शिफ्ट लेन्स अधिक कामाची. नव्या टिल्ट-शिफ्ट लेन्सची किंमत लाखाच्या वर जाते, जुन्या शिफ्ट त्याच्या काही अंशात मिळतात. दुकानात लेन्स हातात घेतली की स्क्रू शून्यापासून टोकापर्यंत फिरवून बघा, मध्ये अडकता कामा नये आणि सोडल्यावर स्वतःच्या वजनाने घसरता कामा नये. मग ॲपर्चर उघडून मोबाइलचा टॉर्च मागून मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. आपल्या खाडीकाठच्या हवेत ती फार लवकर धरते. घरी आणल्यावर लेन्स चामड्याच्या डबीत ठेवू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक आर्द्रतामापक वापरा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघा. पावसाळ्यात जेल आठवड्याला तापवून कोरडं करावं लागतं.

एक विनंती सोसायट्यांना. पुनर्विकासाच्या बैठका सुरू झाल्या की ऑफिसचं कपाट आवरलं जातं आणि सिडकोने दिलेल्या मूळ नकाशांच्या अमोनिया प्रिंट रद्दीत जातात. निळ्या-जांभळ्या रेघांचे ते घडी पडलेले कागद टाकू नका. सपाट करून, उजेडापासून दूर ठेवा आणि एकदा स्कॅन करून घ्या. काकांच्या सोसायटीत असा एक कागद निघाला, १:१०० स्केलचा. मी माझं चित्र त्याच मापात छापून शेजारी लावलं. छज्जे, जाळी, पाइप जागच्या जागी जुळले. नकाशात नसलेल्या गोष्टी म्हणजे फक्त ग्रिल, शेड आणि पाइपावरचा तो पिंपळ. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच ओळीतल्या बाकीच्या इमारतींच्या उत्तरेच्या बाजू घ्यायच्या आहेत, आणि त्यांचे नकाशे कुणाकडे आहेत याची चौकशी काकांनी आतापासून सुरू केली आहे.